तेलाची फेरी

४ फेब्रुवारी
गॅरेजमधून

ती. अक्का,
कृ. सा. न. वि. वि.

उभी असशील तर आधी बस आणि मग पुढचं वाच. आज सकाळी आपला दादा, निवृत्त मुख्याध्यापक, ज्याच्या शर्टाच्या इस्त्रीवरून माशीसुद्धा घसरून पडायची, तो माझ्या खटाऱ्यात जळक्या तेलाच्या दोन डब्यांमध्ये अंग चोरून बसला आणि गावभर फिरला. वर आणि उद्या किती वाजता निघायचं म्हणून विचारलं. मी अजून धक्क्यातून सावरलेलो नाही.

जळकं तेल कशाला, असं तू विचारशील. तर माझा खटारा डिझेल पितो, आणि हॉटेलांच्या मागच्या दारी तळणाचं वापरून काळं पडलेलं तेल गटारात ओततात. हे तेल गाळायचं, तापवून त्यातलं पाणी उडवायचं, मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून ढवळायचं आणि बसू द्यायचं. खाली मधासारखं घट्ट ग्लिसरीन उतरतं, वर गाडीला चालेल असं इंधन राहतं. एका मेकॅनिक मित्राकडे मी हे डोळ्यांनी पाहिलंय. कृती अवघड नाही, अवघड आहे ते तेल मिळवणं. मला तर कोणी दारात उभं करेना. फुकट तेल मागणारा माणूस एकतर भिकारी असणार, नाहीतर तपासणीवाला, असं त्यांच्या डोक्यात.

दादा निवृत्त झाल्यापासून घरात येरझाऱ्या घालत होता, वर्तमानपत्रातल्या चुका लाल पेनानं दुरुस्त करत होता. माझं रडगाणं ऐकलं आणि म्हणाला, चल, मी विचारतो. होस्टेलच्या मेसमध्ये आम्ही मागच्या दारानं शिरलो तर आचाऱ्यानं झारा खाली ठेवला, हात पुसले आणि हात मागे बांधून ताठ उभा राहिला. दादाचा विद्यार्थी! याला भागाकार येत नव्हता म्हणून मी याला उन्हात उभं केलं होतं, असं दादानं मला त्याच्यादेखत सांगितलं आणि तो आचारी लाजून हसला. गावातल्या निम्म्या भटारखान्यांत दादाची पोरं आहेत गं! दुपारपर्यंत गाडीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

कारखाना दादाच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत काढलाय. मिथेनॉल लोखंडी कपाटात कुलपात. वहिनीनं बजावलं की किल्ली दादाकडे राहील. मी दारू सोडून इतकी वर्षं झाली, पण वहिनीच्या लेखी मी कालच सोडलीय. मला राग नाही आला. मांजरानं दुधाच्या राखणदारीची नोकरी मागू नये.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला थोडक्यात सांगता येत नाही, तेव्हा पत्रच बरं. लेकीला जप, आता ती दोन जिवांची आहे. माझ्यावर लोभ आहे तेवढा पुरे, वाढवलास तर डोक्यावर बसेन.

तुझा
चिमण

१५ फेब्रुवारी

चि. चिमण यास,
अनेक आशीर्वाद. त्यातले थोडे तुझ्या खटाऱ्याला.

तुझं पत्र लेकीला मोठ्यानं वाचून दाखवलं. मामा तेलाच्या डब्यांमध्ये बसला हे ऐकून ती इतकी हसली की मला वाटलं, आता वेळेआधीच इथं धावपळ होते. दादा लहानपणी चिखलातून चालताना चप्पल हातात घ्यायचा, पायांपेक्षा चपलेची काळजी जास्त. तो तुझ्या गाडीत बसला हे मी शपथेवर सांगितलं तरी कोणी खरं मानणार नाही.

पण मिथेनॉल हा शब्द वाचला आणि हातातला कप बशीत आपटला. तुम्हा मेकॅनिक लोकांना तो गाडीचा खाऊ वाटतो. मी मेट्रन होते, मी त्याचे पेशंट पाहिलेत. एकदा कुठल्याशा भट्टीच्या दारूत ते मिसळलं गेलं आणि माझा वॉर्ड भरून गेला. धडधाकट माणसं. प्यायल्यावर लगेच काही होत नाही, म्हणून बेसावध राहतात. दुसऱ्या दिवशी दृष्टी जाते, मग श्वास. भर दुपारी खिडक्या सताड उघड्या आणि एकेक जण मला म्हणत होता, सिस्टर, दिवा लावा ना. ते अजून कानात आहे. एवढ्याशा घोटानं माणूस आंधळा होतो, चिमण. रंग पाण्यासारखा, वास दारूसारखा.

तेव्हा हातमोजे घाल, दारं उघडी ठेव, वाफ हुंगू नकोस. किल्ली दादाकडे आहे हे वाचून मात्र जिवात जीव आला. वहिनीनं शहाणपणा केला. तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्यावर विश्वास नाही असं नाही, पण मोह कोणाला सांगून येत नाही.

दादाला सांग, ग्लिसरीनचा साबण होतो. मुख्याध्यापकांनी केलेला साबण वापरून आम्ही सगळे स्वच्छ विचारांचे होऊ. तू नीट राहा, म्हणजे मला जीव लावायला कोणीतरी उरेल.

तुझी
अक्का

२२ एप्रिल
गॅरेजमधून

ती. अक्का,
नमस्कार, अगदी वाकून.

गाडी धावली! पहिली खेप फसली, दुसरीत पाणी राहिलं, तिसरी अशी उतरली की काचेच्या बरणीतून पलीकडचं दिसावं. आता खटारा रस्त्यानं गेला की मागं तळलेल्या माशांचा वास सोडतो. कुत्री मागं लागतात. सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या एका माणसानं मला विचारलं की हॉटेल कुठंय. माझ्या कपड्यांना, केसांना, उशीला, सगळ्याला तळणाचा वास. दुसरा कुठला वास मला आता येतच नाही.

दादाचं तर काय सांगू. फेरीशिवाय त्याला चैन पडत नाही. मला गाडीतच बसवतो आणि स्वतः आत जातो. दोघं गेलो तर वसुलीला आल्यासारखं दिसतं, एकटा गेलो तर मान राहतो, असं त्याचं म्हणणं. आत चांगला वेळ बसतो, जुन्या पोरांशी गप्पा मारतो आणि बाहेर येतो तो गुलाबासारखा फुललेला. परवा तर येताना पाढे म्हणत आला, तेही उलटे. धुरानं घसा धरतो म्हणून तोंडात सतत लवंग. मी त्याला म्हटलं, दादा, तुझं वय उतरणीला लागलंय. खरंच, त्याला इतका मोकळा मी कधीच पाहिला नव्हता. वहिनी मात्र गप्प गप्प असते. तिला या उद्योगाचा तेलकटपणा आवडत नसावा.

आणि आता बातमी, तीही वाईट. आमचा धंदा बसला. कुठल्याशा मोठ्या कंपनीची पांढरी गाडी येते, गणवेशातली माणसं उतरतात, भटारखान्यांत निळी सीलबंद पिंपं ठेवून जातात. तेलाचे पैसेही देतात आणि वर कागदही. एका आठवड्यात सगळ्यांनी त्यांच्याशी करार केले. होस्टेलचा आचारी मान खाली घालून दादाला म्हणाला, सर, आता थेंब देता येणार नाही.

मला वाईट वाटलं, पण मी मेकॅनिक आहे, दुसरं काहीतरी करीन. दादाला मात्र जे झालं ते पाहून मी हबकलो. तो त्या आचाऱ्यावर ओरडला, अक्का. आपला दादा! मग गाडीत येऊन बसला, तर हात थरथरत होते. तेव्हापासून घरीच आहे. घाम फुटतो, जेवण जात नाही, साध्या बोलण्यावर खेकसतो, झोप नाही. ताप आहे म्हणतो, पण अंग गार. परवा मला म्हणाला, तेल नसलं तर नसलं, आपण नुसती एक चक्कर मारून येऊ, ओळख राहते. मी म्हटलं, दादा, ओळख ठेवायला डिझेल जाळायचं का? तर माझ्याकडे असा बघत राहिला की मी उठून बाहेर गेलो. जळक्या तेलासाठी माणूस इतका खचतो?

डॉक्टरांकडे चल म्हटलं तर येत नाही. तुझं ऐकेल. त्याला चार ओळी लिही. आणि त्यातली अर्धी ओळ मला.

तुझा
चिमण

२४ एप्रिल

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. तुमच्या लेकीची तब्येत चांगली असेल. तिला सांगा, पाय वर घेऊन बसत जा.

तुम्हाला हे लिहावं की नाही, दोन दिवस विचार करत होते. भाऊजींच्या गाडीच्या सीटखाली रिकामी बाटली सापडली. गाडीत वास येतो, तळणाच्या वासाच्या आतून येतो. मी कोणाचं नाव घेत नाही. भाऊजी मनानं सोन्यासारखे आहेत, पण सवय ती सवय. तुम्ही थोरल्या बहिणीच्या नात्यानं त्यांना लिहिलंत तर लागू पडेल. तेलाच्या फेऱ्या आता बंद झाल्यात, त्या बंदच राहिल्या तर सगळ्यांच्या भल्याचं आहे. पुन्हा कुठून तेल मिळतंय का, असं ते शोधत होते, ते तेवढं थांबवा.

यांच्या कानावर काही घालू नका. यांची तब्येत सध्या नाजूक आहे. आणि मी लिहिलं असं भाऊजींनाही कळू नये.

आपुलकी ठेवालच.

तुमची
वहिनी

२८ एप्रिल

चिमण,

आज आशीर्वाद नाहीत. हात उचलत नाही.

मला सगळं कळलंय. कोणाकडून ते विचारू नकोस. तळणाच्या वासात दुसरा वास लपतो हे तुला बरं सुचलं. दादाच्या तोंडाकडे पाहून लोक तुम्हाला दारात घेतात, तो बिचारा आत जाऊन तुझ्यासाठी तेल मागतो, आणि तू बाहेर गाडीत बसून घशात ओततोस! आणि वर मला पत्र लिहितोस की दादाला काय झालंय कळत नाही. मला कळलं. त्याला तुझं कळलंय, ते त्याला झालंय. त्याचे हात थरथरणार नाहीत तर काय होईल? त्यानं तुझ्यासाठी एकदा सगळं सोसलंय, तुला गटारातून खांद्यावर घालून घरी आणलंय. आता त्या वयात पुन्हा?

तुझ्यासाठी मी लोकांशी भांडले आहे. माझा भाऊ सुटला म्हणून मी वॉर्डातल्या पेशंटना तुझं उदाहरण देत असे. त्यांना आता काय तोंड दाखवू?

ती पत्र्याची खोली मोकळी कर. पिंपं, नळ्या, नरसाळी, सगळं भंगारात दे. पुन्हा तेलाचं नाव काढू नकोस. दादाच्या वाटेला जाऊ नकोस, त्याला स्वस्थ राहू दे.

लोभाचं काय ते पुढं पाहू.

अक्का

२ मे
हॉस्पिटलच्या जिन्यात बसून

ती. अक्का,

नमस्कार. तुझ्या लेकीला फोन करून दादाला दाखल केलंय एवढंच सांगितलं. बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, आणि कसं सांगायचं ते मला अजूनही कळत नाही. झालं तसं लिहितो.

परवा सकाळी वहिनीनं बोलावलं म्हणून गेलो. दादा टेबलाशी बसला होता. बाहेर ऊन असं की डोळे दिपावेत, आणि तो वहिनीला विचारत होता की आज धुकं इतकं कसं. कप उचलायला गेला तर हात कपाच्या शेजारी पडला. मला म्हणाला, चिमण, वर्गात फळा पुसल्यावर खडूची पूड उडते ना, तसं सगळं पांढरं दिसतंय. डोळे तपासून घ्यायला हवेत. हे बोलताना धावून आल्यासारखा धापा टाकत होता.

तुझे ते पेशंट आठवले, दिवा लावा म्हणणारे. मी किल्ली मागितली. त्यानं खिशातून काढून माझ्या तळहातावर ठेवली. मागं पळालो. कुलूप व्यवस्थित लावलेलं. आत नव्या कॅनचं सील तुटलेलं, आणि शेजारी घरातला स्टीलचा पेला. विसळून, पालथा घालून ठेवलेला. अक्का, चोरसुद्धा इतका नीटनेटका नसतो. मी तिथंच जमिनीवर बसलो. काही क्षण मला खरंच वाटलं की हे मीच केलंय आणि मला आठवत नाहीये.

खटाऱ्यात घालून हॉस्पिटलात आणला. मिथेनॉल पोटात गेलंय असं मी दारातूनच ओरडलो. तर डॉक्टर बाईंनी माझा दंड धरून मला खुर्चीत बसवलं आणि माझ्याच डोळ्यांत बॅटरी मारली. त्यांची काय चूक? एकीकडे इस्त्रीच्या शर्टातले मुख्याध्यापक, दुसरीकडे मी, ग्रीसनं माखलेला. मी म्हटलं, बाई, मी नाही, हे. त्या बॅटरी घेऊन दादाकडे धावल्या.

उतारा काय देतात ते तुला ठाऊक असेल. मला नव्हतं. दारूच देतात गं! मोजून, नळीतून. विषाच्या आधी शरीरानं तिला धरावं म्हणून. ज्या वस्तूपासून मी इतकी वर्षं पळतोय ती माझ्या भावाच्या अंगात सोडत होते आणि मी ती नळी वाकू नये म्हणून धरून उभा होतो. मग रक्त शुद्ध करायच्या यंत्राला लावलं. काल संध्याकाळी डॉक्टर म्हणाल्या, जीव वाचेल. डोळ्यांचं सांगता येत नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. खरं तर तेच सांगायला बसलो होतो. डॉक्टरांनी विचारलं, हे किती वर्षांपासून पितात? मी जवळजवळ भांडलोच. म्हटलं, आमच्या दादानं आयुष्यात थेंबाला शिवलेलं नाही, काहीतरी चुकून झालंय. तेव्हा माझ्या मागून वहिनी म्हणाली, शाळेत असल्यापासून. रोज. डॉक्टर लिहीत होत्या आणि ती सांगत होती, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी. किती, केव्हा, कुठं लपवतात.

तुझं पत्र आलंय. गॅरेजच्या दारात पडलं होतं, उचलून खिशात घातलं, फोडायला सवड झालेली नाही. त्यात काय असेल ते माहीतच आहे: वेळेवर जेव, वाफ हुंगू नकोस, दादाला सांभाळ. दादा जरा स्थिर झाला की निवांत वाचीन. तेवढाच आधार.

चिमण

६ मे

माझ्या चिमणास,
माझे होते नव्हते ते सगळे आशीर्वाद.

ते पत्र फोडू नकोस. खिशात असेल तसंच काढ आणि फाडून टाक. हात जोडून सांगते.

लेकीनं तुझं पत्र माझ्या हातात दिलं. मी ते उभ्यानं वाचलं आणि मग मला खाली बसताही येईना, तिनं धरून बसवलं. ज्या बाईनं आयुष्यभर वॉर्ड सांभाळले तिला पत्र वाचून चक्कर आली.

घाम, थरथर, जेवण तुटणं, चिडचिड, झोप नाही, अंग गार. तू एकेक लक्षण लिहून कळवलं होतंस. रोजची दारू एकदम तुटली की माणसाचं हे असं होतं, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची मुलगीसुद्धा सांगेल. मी वाचलं आणि मला काही दिसलं नाही. का, तर ते दादाचे हात होते. आणि लवंग! मला लवंगेवरूनसुद्धा कळू नये?

वहिनीनं मला काही लिहिलं होतं. काय, ते मी तुला सांगणार नाही. पण ते तिनं सगळं माहीत असताना लिहिलं, हे आता लक्षात आलं तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. तिला विचारू का? मी विचारल्याशिवाय राहू शकेन असं वाटत नाही. लेकीचे दिवस भरले नसते तर आज गाडीत बसले असते आणि समोरासमोर विचारलं असतं.

दादाला किती दिसतं ते लगेच कळव. तू जेवतोस का? आणि चिमण, ते पत्र फाडलंस का?

तुझीच
अक्का

११ जून
गॅरेजमधून

ती. अक्का,
सा. न. वि. वि. आणि आजीबाई झाल्याबद्दल वेगळा नमस्कार. नातीचा आवाज फोनवर ऐकला. तुझ्यासारखाच, अख्ख्या वॉर्डाला दरडावणारा.

उत्तराला उशीर झाला. तू पुन्हा पुन्हा विचारतेस म्हणून सांगतो. फाडायला उशीर झाला होता. तू ज्या दिवशी ते फाड म्हणून लिहिलंस, त्याच दिवशी मी ते हॉस्पिटलच्या पायरीवर बसून वाचलं. कोणाचा तरी चांगला शब्द हवा होता म्हणून फोडलं. खोटं कशाला बोलू, दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मग वाटलं, तुझ्या जागी मी असतो तर मीही हेच लिहिलं असतं. माझ्या बाबतीत लोकांना आश्चर्य वाटत नाही, त्याला तू काय करणार आणि मी काय करणार.

वहिनीनं काय लिहिलं असेल ते मी ओळखलंय. तिला काही विचारू नकोस. तिला फेऱ्या बंद व्हायला हव्या होत्या. दादाचं नाव घेता येत नव्हतं, माझं घेता येत होतं. किल्लीच्या वेळीही तेच. मी म्हणजे खुंटीला टांगलेलं जुनं फडकं, आधीच डागाळलेलं, आणखी एक डाग पुसला त्यानं. फेऱ्या थांबल्या की सुटेल असं तिला वाटलं असणार. एकदम सुटली की काय होतं ते तिला कोण सांगणार होतं? मला माहीत होतं, पण मला तिनं विचारलं नाही. आता ती मला पहिलं पान वाढते, दादाच्याही आधी. मीही जेवतो.

दादा जगला. पण मधलं सगळं गेलं. कडेकडेचं दिसतं. माझ्याकडे पाहिलं तर तोंडाच्या जागी पांढरं आणि आजूबाजूला कान, खांदे, असं तो सांगतो. तोंड दुसरीकडे वळवलं की मी थोडा दिसतो. म्हणून आता तो बोलताना दाराकडे पाहतो. वाचणं संपलं. डॉक्टर म्हणाल्या, आणखी सुधारणा धरून चालू नका.

हॉस्पिटलात आचारी आले होते. होस्टेलचा, मासे तळणारा, पार्टी हॉलचा. व्हरांड्यात रांगेनं उभे, कोणाला आत जायचं धैर्य होईना. मी बाहेर गेलो तर मासेवाला रडायलाच लागला. सर आत येऊन तेलाच्या डब्यावर बसायचे आणि थोडी आहे का म्हणून विचारायचे. सरांना नाही कसं म्हणायचं, असं तोच मला विचारत होता. घरच्यांना माहीत असेल, बाहेर सख्खा भाऊ गाडीत बसलेला असतो, असं त्यांनी धरून चाललं होतं. मी आत येत नाही म्हणजे मला गर्व आहे, असंही त्यांचं ठरलं होतं. म्हणजे बघ, भटारखान्याच्या मागच्या दारी सगळ्या गावाला माहीत आणि गाडीत बसलेल्या मला पत्ता नाही. ज्याच्या नाकाला एकेकाळी गल्लीच्या टोकावरून वास यायचा, त्या मला! रागवायचं कोणावर?

मिथेनॉल विकणारा परत घेऊन गेला. उरलेलं तेल त्या कंपनीच्याच पांढऱ्या गाडीत घातलं. खोली धुऊन काढली. खटारा पुन्हा पंपावरचं डिझेल पितो आणि पूर्वीसारखा साधा काळा धूर सोडतो.

कालचं सांगतो आणि थांबतो. दुपारी दादा पत्र्याच्या खोलीच्या पायरीवर बसला होता, मी आतल्या फळ्या काढत होतो. त्यानं मला हाक मारली. मी शेजारी बसलो. तो समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाला, तू सोडलीस तेव्हा पहिला दिवस कसा गेला होता रे तुझा?

अक्का, मी सोडली तेव्हा दादानं मला उपदेश केला होता, तू पुस्तकं पाठवली होतीस, वहिनीनं दारं लावून घेतली होती. हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. आणि दादानं मला? त्यानं आयुष्यात मला विचारलेला प्रश्न म्हणजे एकच, हा आकडा कुठून आला.

मी त्याला सगळं सांगितलं. गॅरेजच्या खड्ड्यात उतरून बसलो होतो आणि शेजारच्या वेल्डरला सांगून वर ट्रक उभा करून घेतला होता, म्हणजे चढून बाहेर येता येणार नाही. दुपारनंतर मी त्याला ट्रक हलव म्हणून शिव्या घातल्या, मग आईची शपथ घातली, मग रडलो, आणि तो देवमाणूस वर बसून काहीही उत्तर न देता वेल्डिंग करत राहिला. अंगावर मुंग्या चालत होत्या, नसलेल्या. कपडे खराब झाले. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, आणि आता तुला लिहितानाही हात अडतोय. दादा मान खाली घालून ऐकत होता. मधेच म्हणाला, मुंग्या मलाही दिसल्या. मग म्हणाला, पुढं?

आतून वहिनीनं हाक मारली, पानं वाढली आहेत, निवतील. दादानं हात वर केला आणि दाराकडे तोंड करून तिला म्हणाला, जरा थांब. त्याचं अजून संपलेलं नाही.

लोभ असाच असू दे.

तुझा
चिमण